एकशे चौदावा कागद

बसथांब्यावर एक म्हातारी डोंगरातल्या ट्यूलिपच्या जुड्या विकत बसली होती आणि त्या जुड्या कंदांसकट होत्या. एवढंच झालं. एप्रिल लागला की आमच्या बिश्केकमध्ये अशा म्हाताऱ्या दर दोन चौकांआड दिसतात. प्लास्टिकची बादली, वर ओलं फडकं, आणि शिपाई दिसला की बादली झग्याखाली, कारण ही फुलं तोडायला बंदी आहे. बहुतेकजण देठच तोडून आणतात. कंद वीतभर खोल असतो, तो काढायला खणावं लागतं. पण गेल्या आठवड्यात डोंगरावर पाऊस होता, माती सैल झाली असणार, आणि ज्यानं कुणी ही ओढली त्याला घाई असणार. "घे पोरी, शिळी नाहीत, कालचीच आहेत," म्हातारी म्हणाली. मी सहज विचारलं, कुठली? "सारी-बेतच्या उतारावरची. जावई मेंढ्या घेऊन गेलाय तिकडं." बस आली, दारं उघडली, माझ्या मागच्या बाईनं कोपरानं ढोसून "चढायचं नसेल तर बाजूला हो गं," म्हटलं, आणि मी एका कंदाचं तपकिरी साल अंगठ्याच्या नखानं सोलत तिथंच उभी राहिले. साल उघडलं. आतल्या बाजूला पांढरी लव होती, दाट, बाळाच्या टोपीच्या अस्तरासारखी. बस गेली. सारी-बेतच्या उतारावरच्या ट्यूलिपचं साल आतून गुळगुळीत असतं, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं आहे. त्या एका वाक्यावर आख्खं तिसरं प्रकरण उभं आहे, त्या प्रकरणावर माझी पीएच.डी., आणि पीएच.डी.वर माझी वनस्पतिशास्त्र संस्थेतली नोकरी.

आमच्या डोंगरात पिवळ्या ट्यूलिपच्या दोन जाती आहेत आणि त्यांचं जमिनीवरचं रूप इतकं सारखं आहे की पान, देठ, पाकळी, कशावरूनही त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. फरक आहे तो मातीखाली, सालाच्या आतल्या बाजूला. एकीला लव, ती सगळीकडे उगवते. दुसरी गुळगुळीत, ती दुर्मीळ. हे मला उमसुनाय एजेंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडे शिक्षिकेला बाई नाही म्हणत, एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. एजे माझ्या गाईड होत्या. साडेचार वर्षांत त्यांनी मला हे किती वेळा सांगितलं ते मोजलं असतं तर तोही एक प्रबंध झाला असता. सकाळी सात चाळीसला फोन. "उठलीस? खाल्लंस काय? नुसता चहा? नुसत्या चहावर डोकं चालतं का गं? एकविसाव्या पानावरची दुसरी ओळ परत बघ. आणि कंदाचं साल आतून पाहिलंस का?" हो एजे, हो एजे. फोन ठेवला की मी उशीत तोंड खुपसून ओरडायची. उलारबेक, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून शेवाळावर काम करायचा, तो म्हणायचा, "तुझी एजे तुझ्या स्वप्नातसुद्धा येऊन स्वल्पविराम तपासत असेल." येत होत्या. खोटं कशाला सांगू?

मी दोन जुड्या घेतल्या आणि चालायला लागले. रस्त्याच्या कडेच्या पाटातून डोंगराचं वितळलेलं पाणी वाहत होतं आणि माझ्या बोटांना मातीचा वास येत होता. सात चाळीस होऊन गेले होते, फोन वाजला नव्हता. तो दीड वर्ष वाजलेला नाही. तरी त्या वेळेला माझा हात खिशाकडे जातो आणि दर वेळी मला स्वतःचा राग येतो, कारण ज्यासाठी मी जीव टाकत होते ती शांतता हीच. मला आठवतं, त्या एकदा मी नसताना माझ्या भाड्याच्या खोलीवर आल्या. मालकिणीकडून किल्ली घेतली, फ्रिज पुसला, त्यात घोड्याच्या मांसाचा तुकडा आणि लोण्याची बरणी ठेवली आणि दारावर चिठ्ठी लावली: 'चौथं प्रकरण उशीखाली ठेवलं आहे. तांबड्या खुणा वाच. मोजे धुतले.' मी गावी, नारीनला, आईला फोन करून रडले. आई म्हणाली, "त्यांचा मलाही फोन येतो गं. तू मोजे न घालता डोंगरावर जातेस म्हणे." माझी आईसुद्धा त्यांनी फितवली होती. एकदा एका मुलाबरोबर मी कॉफी प्यायला गेले होते. एजे काचेतून दिसल्या, आत आल्या, खुर्ची ओढून आमच्याच टेबलावर बसल्या आणि त्याला विचारलं, "तुम्ही हिला मेमध्ये डोंगरावर सोडाल का? महिनाभर?" तो बिचारा हसला. त्यानं परत फोन केला नाही. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही, पण ते माझं मला ठरवायचं होतं.

आणि त्यांचा चहा. आमच्याकडे पाहुण्याला वाडगाभर चहा देत नाहीत. तळाशी घोटभर ओततात, तो संपला की पुन्हा घोटभर. म्हणजे तुम्ही बसावं, पुन्हा मागावं. वाडगा काठोकाठ भरला तर समजायचं, आता निघा. एजे इतका कमी ओतायच्या की पिता पिता जीभसुद्धा ओली व्हायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी त्या समोर बसलेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, माझ्या पुढ्यात माझीच पानं, घोट, पान, घोट, पान, आणि बाहेर माझ्या वयाच्या मुली कुठं कुठं चाललेल्या. एकदा मी धीर करून म्हटलं, "एजे, बाकीचे गाईड वर्षातनं दोनदा भेटतात." त्यांनी चहादाणी खाली ठेवली. म्हणाल्या, "माझा गाईड मला तीन वर्षांत एकदाच भेटला. प्रबंध टेबलावर ठेवला, त्यानं शेवटचं पान उघडलं, 'वाचला' म्हणून सही केली आणि जेवायला गेला. न वाचता. मी जिन्यात बसून रडले, पोरी. लोक मला शाबासकी देत होते आणि मी रडत होते. माझ्या कामाकडे कुणी पाहिलंच नव्हतं." मग पुन्हा घोटभर ओतला आणि म्हणाल्या, "हं. सतरावं पान."

म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या. संस्थेच्या संग्रहात प्रत्येक वाळवलेलं रोप एका जाड कागदावर चिकटवलेलं असतं. कोपऱ्यात नाव, जागा, तारीख. नंतर कुणी जाणकारानं ते पाहिलं की तो आपली छोटी चिठ्ठी खाली लावतो, नाव, मत, तारीख. आधीचं मत चुकलेलं असलं तरी जुनी चिठ्ठी काढायची नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या चुका तिथं सुखानं नांदतात. एजे माझ्या प्रत्येक कागदाखाली चिठ्ठी लावायच्या: 'पाहिलं. उ. तोकोएवा.' मला वाटायचं हा अविश्वास आहे. मग चौथ्या वर्षी मी सत्याऐंशी नंबरचा कागद काढला तर त्याखाली चार चिठ्ठ्या. पाहिलं, पाहिलं, पाहिलं, पाहिलं. तारखा वेगळ्या, मधे तीन-तीन आठवडे. मी उलारबेकला दाखवलं, तो हसला, मीही हसले. दुसऱ्या दिवशी अजून असे सहा कागद सापडले, तेव्हा मी एकटीच होते आणि मला हसू आलं नाही. आपण पाहिलंय हे त्यांना आठवत नव्हतं. म्हणून त्या पुन्हा पाहत होत्या. मी हे कुणालाही सांगितलं नाही. त्यांच्याबद्दलच्या मायेपोटी नाही सांगितलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे माझ्या हाती एक किल्ली लागली होती आणि ती मला कुणाला दाखवायची नव्हती.

सारी-बेतला मी त्याच वर्षी मेमध्ये गेले होते, एजेंना चुकवून. पुढच्या आठवड्यात जाणार म्हणून सांगितलं आणि आधीच्या सोमवारी निघाले. साडेचार वर्षांत एकटीनं केलेला तो एकच प्रवास. काय सांगू, वर पोचले तेव्हा मी मोठमोठ्यानं गात होते. उतारभर पिवळं झालं होतं. मग फोन वाजायला लागला. पहिला मी उचलला नाही, दुसरा नाही. गारा सुरू झाल्या. सातव्यांदा वाजला तेव्हा मी चाकू काढला, फुलं जमिनीलगत सपासप कापली, वर्तमानपत्रात दाबली आणि खाली पळत सुटले. कुदळ पाठीवर होती, ती सोडलीसुद्धा नाही. कंदाशिवाय ट्यूलिप गोळा करणारी पीएच.डी.ची मुलगी! पहिल्या वर्षाचं पोरही असं करत नाही. परत आल्यावर मी त्या उताराच्या दिशेवरून, उंचीवरून अंदाज बांधला आणि एकशे चौदाव्या कागदावर दुर्मीळ जातीचं नाव लिहिलं. ते खरं ठरलं तर तिसरं प्रकरण सोन्याचं होणार होतं. बहुतेक खरंच असेल, असं मला वाटत होतं. माझी तशी इच्छा होती आणि मी तिलाच अंदाज म्हणत होते.

ऑक्टोबरात एजे तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "जिपार, याचा कंद कुठंय? सालाचं पाकीटही नाही." सालं आम्ही लहान कागदी पाकिटात घालून त्याच कागदाला चिकटवतो. मी वर न बघता म्हटलं, "एजे, तुम्ही पाहिलंत की. जूनमध्ये." "मी?" "तुम्हीच तर पाकीट काढून घरी नेलंत. घरच्या दिव्याखाली बघते म्हणालात. मग म्हणालात, ठीक आहे, गुळगुळीत आहे." किती सहज आलं माझ्या तोंडून! त्या उभ्या राहिल्या. त्यांचा हात भिंगाकडे गेला आणि तिथंच राहिला. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं, पण मी बघितलं. माणूस अंधारात पायरी शोधतो तसा तो चेहरा झाला होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "असेल. नेलं असेल." माझ्याच टेबलावर वाकून त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'पाहिलं. उ. तोकोएवा', आणि लावली. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सात चाळीसला फोन वाजला नाही. महिन्याभरात त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. संचालकांना म्हणाल्या म्हणे, पाहिलेलं मला आठवत नाही, अशा माणसानं संग्रहात असू नये. मार्चमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांनी तिसऱ्या प्रकरणाचं कौतुक केलं. एजे पहिल्या रांगेत नवा रुमाल बांधून बसल्या होत्या आणि टाळ्या थोड्या उशिरा वाजवत होत्या.

त्या दिवशी त्या विसरल्या नव्हत्या. हे माझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. इतर शंभर वेळा विसरल्या असतील, पण त्या एका वेळी त्यांना स्वच्छ आठवत होतं आणि मी त्यांना पटवून दिलं की नाही आठवत.

संस्थेत जाऊन मी एकशे चौदावा कागद काढला, दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला आणि कोटाखाली धरून बाहेर आणला. कागद बाहेर न्यायचा नसतो. उलारबेकनं पाहिलं आणि पुन्हा आपल्या शेवाळाकडे वळला. एजेंचं घर पाच थांबे पुढं, मी चालतच गेले. जायचं की नाही ते ठरवायला वेळ हवा होता आणि पाय मात्र चाललेच होते. कुणी विचारत नव्हतं. म्हातारी उद्या दुसरी जुडी विकेल, जावई मेंढ्या खाली आणेल आणि मी गप्प राहिले तर सारी-बेतवर दुर्मीळ ट्यूलिप उगवतात असं लोक पन्नास वर्षं वाचत राहतील. बोलले तर पदवी जाईल, कदाचित नोकरीही. पण मला त्याची भीती वाटत नव्हती, निदान त्या वाटेवर तरी नाही. भीती वाटत होती ती उशीर झाला असेल याची. ज्यांना सांगायचं त्या ऐकायला उरल्या आहेत का, याची. परीक्षेनंतर मी त्यांच्याकडे दोनदाच गेले होते. बरं वाटत नाही, काम आहे, बस मिळाली नाही, अशी माझ्याकडे कारणांची कमतरता नव्हती.

दार त्यांच्या सुनेनं, पेरिझातनं उघडलं. हाताला पीठ लागलेलं. "आलात? आजचा दिवस काही खरा नाही हं त्यांचा," ती कुजबुजली. आतून खण उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. "काय करतायत?" मी विचारलं. "शोधतायत. रोजचंच आहे. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासनं. आधी आम्हाला वाटलं पेन्शनचे कागद असतील. तर नाही, कसलंसं पाकीट म्हणे. संस्थेतनं घरी आणलं आणि हरवलं. एकदा गाद्यासुद्धा उसवल्या. कुणाचं तरी नुकसान होईल म्हणतात आणि रडतात." तिनं पिठाचा हात कपाळाला लावला. मी पाकीट म्हटलं होतं त्या दिवशी, घरी नेलंत म्हटलं होतं. मी त्या वाक्यानंतर जेवायला गेले होते, आणि ही बाई दीड वर्ष त्या वाक्यात खण उघडत होती.

एजे कपाटापाशी जमिनीवर बसल्या होत्या. केस विरळ झालेले, भिंग मात्र गळ्यात. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. नाव काही सापडलं नसावं, पण मग हात वर आला आणि त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "गळा उघडा टाकून फिरते. एप्रिलचा वारा बाधतो," त्या म्हणाल्या. ते बटण मला साडेचार वर्षं टोचत होतं. मी खाली त्यांच्याजवळ बसले आणि जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं लगेच कंदाकडे गेली. नख, साल, भिंग. यातलं मात्र काही हरवलेलं नव्हतं. "लव आहे," त्या म्हणाल्या, "भरपूर. ही साधी पिवळी. कुठली गं?" "सारी-बेत." मी पुठ्ठा उघडला आणि एकशे चौदावा कागद पुढं केला. त्यांनी रोप पाहिलं, कागद उलटा करून पाहिला, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि मग भिंग चिठ्ठीवर धरलं. "ही कोण? उ. तोकोएवा?" "माझ्या गाईड," मी म्हटलं. "खोटारडी दिसते," एजे म्हणाल्या. "कंद नाही, साल नाही, आणि 'पाहिलं' म्हणून खुशाल सही ठोकते! न पाहता! अशा बाईच्या हाताखाली शिकू नकोस, पोरी. मी होते एका अशाच माणसाच्या हाताखाली."

पेरिझात चहा घेऊन दारात उभी होती. तिला कळलं असावं, निदान अर्धंमुर्धं. तिनं मला खूण केली, हलक्या आवाजात म्हणाली, "ते साल पाकिटात घालून द्या ना. सापडलं म्हणा. सुटतील एकदाच्या." किती सोपं होतं ते. पाकीट माझ्या खिशातही होतं, सवयीनं असतंच. एक शेवटचं खोटं, तेही मायेचं, आणि सगळं झाकलं गेलं असतं, त्यांचं शोधणं आणि माझं ते वाक्य दोन्ही. मी पाकीट बाहेरही काढलं. पण त्या उ. तोकोएवाकडे अजून तशाच तिरस्कारानं बघत होत्या, आणि ते मला सहन होईना. "त्या खोटारड्या नाहीत, एजे," मी म्हटलं. "मी आहे. मी कंद खणलाच नव्हता. त्यांनी विचारलं तर म्हटलं, तुम्हीच पाहिलात, तुम्हीच पाकीट घरी नेलंत. पाकीट नव्हतंच कधी. तुम्ही काही नेलं नाहीत. तुम्ही काही हरवलं नाहीत." मी रडत होते, नाक गळत होतं, आणि मी एकतीस वर्षांची बाई आहे.

त्या हातातलं साल फिरवत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी त्यांना माझं नाव आठवत होतं, शपथेवर सांगते. "म्हणजे, जिपार," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तेव्हा ते पाहिलं नव्हतं." "नाही एजे." "मला वाटलंच होतं पाहिलं नाही म्हणून." "हो एजे." "मला बरोबर आठवत होतं." त्यांच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. मला वाटलं आता माझ्या थोबाडीत देतील, द्यावी असंही वाटत होतं. त्यांनी फक्त बोट कागदावर टेकवलं. "चिठ्ठी लाव." मी खिशातून चिठ्ठी काढली, साध्या पिवळ्या जातीचं नाव लिहिलं, 'त्याच उतारावरच्या कंदाच्या सालावरून दुरुस्त', माझं नाव, आजची तारीख. मग मी त्यांच्या चिठ्ठीखाली नख घातलं. ती मला तिथं ठेवायची नव्हती. त्यांच्या आयुष्यातली ती एकच खोटी चिठ्ठी होती आणि ती माझी होती. त्यांनी माझा हात धरला, चांगला घट्ट. "जुनी काढायची नसते. किती वेळा सांगितलंय? खाली लाव." मी खाली लावली.

पेरिझातनं चहा दिला, घोटभर. एजेंनी माझा वाडगा हातात घेऊन पाहिला आणि सुनेला म्हणाल्या, "हे काय, जास्त ओतलास. ती जायला बघेल." मी हसले आणि पुन्हा रडले. सालं पाकिटात घातली, पाकीट कागदाला चिकटवलं, पुठ्ठे बंद केले. उद्या हा कागद संचालकांच्या टेबलावर ठेवायचा होता. खिडकीतून ऊन आत येत होतं, त्यात फुलं जमिनीवर पडली होती आणि आता ती उघडायला लागली होती. एजे फुलांकडे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली, कपाटावर गेली, आणि कपाळावर तीच जुनी आठी आली. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांनी खालचा खण ओढला. "इथंच ठेवलं होतं मी," त्या पुटपुटल्या. "पोरीचं पाकीट आहे हो. तिची परीक्षा आहे." पेरिझातनं तोंड फिरवलं.

मी वाडगा खाली ठेवला, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि खणातला त्यांचा हात हातात घेतला. "एजे," मी म्हटलं, "पाकीट नव्हतंच. मी खोटं बोलले होते. तुम्हाला बरोबर आठवत होतं."